पंचेचाळीस वर्षे मनात राहिलेली गोष्ट

या स्मरणिकेत शाळेच्या आठवणी भरपूर असतील. प्रार्थना, गॅदरिंग, सहल, बाकावर करकटकाने कोरलेली नावे, पावसाळ्यात गळणारा वर्ग, यांवर आपल्यापैकी बरेच जण माझ्यापेक्षा चांगले लिहितील. म्हणून मी एका वेगळ्याच शाळेबद्दल आणि तिच्या मास्तरांबद्दल लिहायचे ठरवले. ही शाळा रशियातल्या यास्नाया पोल्याना या खेड्यात होती आणि तिचे मास्तर होते लिओ टॉलस्टॉय.

'युद्ध आणि शांती' आणि 'अ‍ॅना कॅरेनिना' ही नावे आपण सर्वांनी ऐकली आहेत. काहींनी वाचायला घेऊन निम्म्यावर ठेवूनही दिली असतील. मला सांगायचे आहे ते या दोन मोठ्या कादंबऱ्यांबद्दल नाही. टॉलस्टॉय यांनी सत्तरीच्या उंबरठ्यावर लिहायला घेतलेल्या एका छोट्या कादंबरीबद्दल आहे. आपल्या बॅचमधले बहुतेक जण आता निवृत्त झाले आहेत आणि 'आता या वयात नवीन काय करणार?' हा प्रश्न भेटीगाठींत हमखास निघतो. त्या प्रश्नावर ही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

टॉलस्टॉय यांचा जन्म 1828 सालचा. मॉस्कोच्या दक्षिणेला सुमारे दोनशे किलोमीटरवर, तुला शहराजवळ यास्नाया पोल्याना ही त्यांच्या आईकडून आलेली जहागीर होती. पाच भावंडांत हे चौथे. दोन वर्षांचे होण्याआधीच आई गेली आणि नवव्या वर्षी वडीलही गेले. नातेवाइकांनी वाढवले. कझान विद्यापीठात नाव घातले, पण पदवी न घेताच 1847 मध्ये ते घरी परतले. पुढची काही वर्षे पत्ते, जुगार, कर्ज आणि रोजनिशीत लिहिलेले चांगले वागण्याचे संकल्प यांत गेली. आजच्या भाषेत सांगायचे तर घरच्यांना काळजी वाटावी असाच हा मुलगा होता.

1851 मध्ये थोरला भाऊ निकोलाय त्यांना आपल्याबरोबर कॉकेशसच्या डोंगराळ मुलुखात घेऊन गेला. निकोलाय तोफखान्यात अधिकारी होता. त्या भागात रशियन साम्राज्याची लढाई दागिस्तान आणि चेचन्यातल्या डोंगरी लोकांशी चालली होती. त्या लोकांचा पुढारी होता इमाम शमिल. शमिलच्या खालोखाल ज्याचा दबदबा होता त्या सरदाराचे नाव हाजी मुराद. शमिलशी वैर आल्यामुळे त्या वर्षाच्या अखेरीस हाजी मुराद रशियनांना येऊन मिळाला. तेव्हा टॉलस्टॉय तिफ्लिस शहरात होते. आज त्या शहराला तिबिलिसी म्हणतात. दुसरा भाऊ सर्गेय याला डिसेंबरमध्ये लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही बातमी कळवली. हाजी मुराद त्या मुलुखातला सर्वांत शूर माणूस, पण त्याने केलेले काम नीचपणाचे, असा निकाल त्यांनी देऊन टाकला. तेव्हा ते 23 वर्षांचे होते. एका वाक्यात एक माणूस निकालात निघाला आणि पत्र पुढच्या विषयाकडे वळले.

काही महिन्यांतच हाजी मुराद मारला गेला. त्याचे कुटुंब शमिलच्या ताब्यात अडकले होते. रशियनांनी कैद्यांच्या बदल्यात ते सोडवून द्यावे एवढीच त्याची मागणी होती. रशियन अधिकारी आज करू, उद्या करू म्हणत राहिले. शेवटी 1852 च्या वसंतात तो मोजक्या साथीदारांसह पहाऱ्यातून निसटला. नुखा गावाजवळ त्याला घेरले गेले आणि शेवटपर्यंत लढत तो मेला. त्याचे डोके कापून नेण्यात आले.

टॉलस्टॉय यांची पहिली कादंबरी 'बालपण' त्याच वर्षी, 1852 मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे क्रिमियाच्या युद्धात ते सेव्हास्तोपोलच्या वेढ्यात होते. त्यावर लिहिलेल्या कथांनी त्यांचे नाव झाले. मग सैन्य सोडून ते गावी आले आणि 1859 मध्ये त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. रशियात भूदास पद्धत तेव्हा अजून चालू होती. ती 1861 मध्ये रद्द झाली. म्हणजे मालकाने आपल्याच कुळांच्या पोरांना शिकवायला बसावे, असा हा प्रकार होता. शिक्षण कसे द्यावे हे पाहण्यासाठी त्यांनी जर्मनी, फ्रान्स, इंग्लंडमधल्या शाळा पाहिल्या. तिथली घोकंपट्टी आणि शिस्त पाहून ते निराश होऊन परतले.

त्यांच्या शाळेत दप्तर नव्हते, गृहपाठ नव्हता, छडी नव्हती. उशिरा आलेल्याला कुणी रागावत नसे. कंटाळा आला तर मुलाला घरी जायची मुभा होती. आपल्या वेळच्या गुरुजनांनी हे वाचून कपाळाला हात लावला असता. पण टॉलस्टॉय यांचा अनुभव असा होता की मुले घरी जायचे नावच काढत नसत. मुलांबरोबर गोष्टी रचताना त्यांना असेही दिसले की दहा-अकरा वर्षांच्या शेतकऱ्याच्या पोराला कोणता तपशील खरा आणि कोणता खोटा हे पट्टीच्या लेखकापेक्षा चांगले कळते. एका म्हणीवरून फेदका आणि स्योमका या दोन मुलांनी त्यांच्याबरोबर एक गोष्ट लिहिली. ते कागद हरवले. शाळेतल्या इतर पोरांनी त्यांचे कोंबडे करून टाकले होते. हे दोघे हिरमुसले, पण पुन्हा येऊन बसले आणि गोष्ट नव्याने लिहून काढली.

त्याच शाळेतली हिवाळ्यातली एक रात्र टॉलस्टॉय यांनी आपल्या लेखात नोंदवून ठेवली आहे. वर्गात गोगोलची भुताची गोष्ट वाचून झाली होती. मुलांच्या अंगावर काटा होता, पण घरी जायचे नव्हते. मास्तर आणि तीन-चार पोरे बर्फातून जवळच्या रानाकडे निघाली. लांडग्यांची भीती होतीच. मुलांनी आग्रह धरला म्हणून मास्तरांनी कॉकेशसच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. कझाकांच्या, डोंगरातल्या बंडखोरांच्या आणि हाजी मुरादच्या. फेदका शेजारून चालत होता. त्याने मास्तरांची दोन बोटे धरली होती. गोष्ट संपल्यावर त्यानेच विचारले की गाणे कशासाठी शिकायचे, चित्र कशासाठी काढायचे. माणसाला कलेचा उपयोग काय, हा प्रश्न दहा वर्षांच्या मुलाने काळोखात विचारला होता. मास्तरांनी त्या रात्री काहीतरी उत्तर दिले, पण प्रश्न त्यांना पुढे आयुष्यभर पुरला.

1862 मध्ये टॉलस्टॉय यांचे लग्न झाले. पत्नी सोफिया त्यांच्याहून सोळा वर्षांनी लहान. तेरा मुले झाली, त्यांतली आठ मोठी होऊ शकली. 'युद्ध आणि शांती' आणि 'अ‍ॅना कॅरेनिना' याच वर्षांतल्या. टॉलस्टॉय यांचे अक्षर दुर्बोध. खाडाखोड इतकी की समासातही जागा उरत नसे. सोफियाबाई रात्री मुले झोपल्यावर मेणबत्तीच्या उजेडात ते कागद स्वच्छ लिहून काढत. सकाळी नवरा त्या स्वच्छ प्रतीवर पुन्हा तितकीच खाडाखोड करी. हे वर्षानुवर्षे चालले.

पन्नाशीनंतर टॉलस्टॉय पार बदलले. प्रसिद्धी, पैसा, कुटुंब सगळे असताना जगायचे कशासाठी, या प्रश्नाने त्यांना घेरले. त्यांनी दारू, तंबाखू, मांस सोडले. ते शेतात नांगर धरू लागले, जोडे शिवायला शिकले. 1881 नंतरच्या आपल्या लेखनावरचा हक्क त्यांनी जाहीरपणे सोडून दिला. 'कला म्हणजे काय?' या 1898 च्या पुस्तकात तर त्यांनी आपल्या जवळजवळ सगळ्या साहित्यावर काट मारली. साध्या माणसाला कळत नाही आणि माणसामाणसांना जोडत नाही ती कला खोटी, असे त्यांचे म्हणणे. आपल्या साऱ्या लेखनातून त्यांनी दोनच लहान कथा चांगल्या कलेत धरल्या. दोन्ही 1872 च्या, त्यांच्या शालेय वाचनमालेच्या काळातल्या. या पुस्तकाचा मराठी अनुवाद साने गुरुजींनी केला, हे शाळेच्या स्मरणिकेत आवर्जून सांगावेसे वाटते.

आता 1896 चा जुलै. टॉलस्टॉय 67 वर्षांचे आहेत. आदल्याच वर्षी त्यांचा सर्वांत धाकटा, सगळ्यांचा लाडका मुलगा वानेच्का सात वर्षांचाही न होता गेला होता. भाऊ सर्गेय याच्या पिरोगोवोच्या जहागिरीवर ते मुक्कामाला होते. हा तोच भाऊ, ज्याला पंचेचाळीस वर्षांपूर्वी हाजी मुरादची बातमी कळवली होती. फिरायला गेले असताना त्यांना नुकतीच नांगरलेली काळी जमीन लागली. दूरपर्यंत एक हिरवे पान शिल्लक नव्हते. वाटेच्या कडेला मात्र काटेरी रोपाचे एक झुडूप उभे होते. आपल्याकडच्या उंटकटारीच्या कुळातले, लाल फुलाचे. त्याच्या तीन फांद्या होत्या. एक मोडून तिचे फूल मळून लोंबत होते. दुसरीही मोडलेली, चिखलाने माखलेली. तिसरी वाकडी झाली होती, धुळीने काळी पडली होती, पण जिवंत होती आणि तिच्या मध्यभागी लाल रंग अजून दिसत होता. रशियन लोक या रोपाला 'तातार' म्हणतात. टॉलस्टॉय यांना ते पाहताच हाजी मुराद आठवला. लिहावेसे वाटते, अशी नोंद त्यांनी रोजनिशीत केली. पुढच्याच महिन्यात, शामोर्दिनोच्या मठात राहणाऱ्या बहिणीकडे गेले असताना, त्यांनी पहिला खर्डा लिहून टाकला.

इथून पुढची हकीकत मला जास्त महत्त्वाची वाटते. स्फूर्ती एका क्षणात आली हे खरे. काम मात्र आठ वर्षे चालले. पहिला खर्डा त्यांना पटला नाही. एकेकाळी ज्या माणसावर एका ओळीत निकाल दिला होता, त्याच्याबद्दल आपल्याला पुरेसे ठाऊक नाही, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी कॉकेशसच्या युद्धाची कागदपत्रे, सेनापतींच्या आठवणी, डोंगरी लोकांच्या चालीरीती आणि गाणी यांवरची पुस्तके मागवायला सुरुवात केली. पीटर्सबर्गच्या सार्वजनिक ग्रंथालयातले मित्र स्तासोव्ह त्यांना पुस्तकांमागून पुस्तके पाठवत.

1898 मध्ये त्यांनी रोजनिशीत एका इंग्रजी खेळण्याचा उल्लेख केला आहे. भिंगातून पाहिले की एकामागून एक वेगळी चित्रे दिसतात, असे ते खेळणे. आपल्या जत्रेतल्या बायोस्कोपसारखे समजा. हाजी मुराद तसा दाखवायला हवा, असे त्यांना सुचले. कधी नवरा, कधी कडवा धर्मनिष्ठ, कधी आणखी कुणी. एकाच चित्रात माणूस मावत नाही, हे त्यांना उमगले होते. तेविसाव्या वर्षी त्यांनी भिंगाला डोळा लावून पहिलेच चित्र पाहिले होते आणि तिथून उठून गेले होते.

मधल्या काळात दुसरे काम आले. वकील मित्र कोनी यांनी 1887 मध्ये सांगितलेली एका खटल्याची हकीकत त्यांच्याकडे पडून होती. दुखोबोर नावाच्या पंथाचे लोक सैन्यात जायला नकार देत, म्हणून सरकार त्यांचा छळ करत होते. त्या हजारो लोकांना कॅनडात पाठवायला पैसे हवे होते. टॉलस्टॉय यांनी आपला नियम मोडून ती अर्धवट कादंबरी पूर्ण केली आणि विकली. ती 'पुनरुत्थान', 1899 ची. त्या लेखनाला निदान सत्कार्याचे कारण होते. हाजी मुरादला तसे कोणतेच कारण नव्हते. शेतकऱ्याला त्याचा उपयोग नाही, धर्माला नाही, दुष्काळाला नाही. त्यामुळे हे लिहिणे म्हणजे चैन, असे त्यांना वाटे. गंभीर निबंध बाजूला ठेवून हा खर्डा काढताना त्यांना चोरी केल्यासारखे होई. मग ते तो मिटून ठेवत आणि काही महिन्यांनी पुन्हा काढत. कला कशासाठी, हा फेदकाचा प्रश्न पुस्तक लिहूनही मिटला नव्हता.

1901 मध्ये चर्चने त्यांना बहिष्कृत केले. त्याच वर्षी ते फार आजारी पडले आणि त्यांना क्रिमियातल्या गास्प्रा येथे हलवले गेले. तिथे न्यूमोनिया आणि विषमज्वर यांतून ते कसेबसे वाचले. गास्प्रालाच त्यांची ओळख ग्रँड ड्यूक निकोलाय मिखाइलोविच यांच्याशी झाली. हे राजघराण्यातले इतिहासकार, झार पहिला निकोलस याचे नातू. टॉलस्टॉय यांनी पुढे त्यांच्याकडेच जुन्या कागदपत्रांसाठी मदत मागितली. गंमत अशी की कादंबरीतले सर्वांत जळजळीत प्रकरण याच पहिल्या निकोलसवर आहे. ते त्यांनी पुन्हा पुन्हा लिहिले. एका माणसाच्या हातात सगळी सत्ता आली की तो इतरांच्या मरणाबद्दल किती सहज निर्णय घेतो, हे त्यांना दाखवायचे होते. पण नुसता राग काढायचा नव्हता, झारच्या मनात काय चालते ते आतून समजून घ्यायचे होते.

बरे होऊन घरी आल्यावर त्यांनी काय केले पाहा. हाजी मुराद शेवटच्या दिवसांत नुखाच्या जिल्हाप्रमुखाच्या घरी राहिला होता. त्या अधिकाऱ्याची पत्नी, श्रीमती कोर्गानोव्हा, अजून हयात आहेत असे कळताच टॉलस्टॉय यांनी जानेवारी 1903 मध्ये त्यांना पत्र पाठवले. त्यात प्रश्न होते. हाजी मुराद वेगळ्या घरात राहत होता की तुमच्याकडेच? त्याला थोडेफार रशियन येत होते का? त्याचे लंगडणे डोळ्यांत भरण्यासारखे होते का? पळाला ते घोडे त्याचे स्वतःचे की दिलेले? ते चांगले होते का आणि रंगाने कसे होते? 74 वर्षांचा, जगभर गाजलेला लेखक पन्नास वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या घोड्याचा रंग विचारत होता. खोटा तपशील चालणार नाही, हे यास्नाया पोल्यानाच्या पोरांनी त्यांना वर्गातच दाखवून दिले होते.

सकाळी ते खोलीचे दार लावून लिहीत. नजर अधू, पण चष्मा नको म्हणून बुटक्या खुर्चीवर बसून कागद डोळ्यांजवळ आणत. दुपारी पायी किंवा घोड्यावरून फेरी. लिहिलेले कागद आता मुली आणि घरातली इतर माणसे स्वच्छ करत. पुढे घरात रेमिंग्टन टाइपरायटरही आला. एकूण दहा खर्डे झाले. हस्तलिखिताची पाने दोन हजारांवर गेली. त्यांतून उरली ती पंचवीस प्रकरणांची छोटी कादंबरी. तिच्यात झार आहे, शमिल आहे, राज्यपाल आहे, आणि अवदेयेव नावाचा एक साधा शिपाईही आहे. भावाच्या जागी सैन्यात गेलेला हा मुलगा किरकोळ चकमकीत मरतो. घरी धान्याची मळणी चालू असते आणि आईने त्याच्यासाठी पाठवलेले पैसे परत येतात. सरकारी कागदावर हा शिपाई म्हणजे एक आकडा. टॉलस्टॉय यांनी त्याच्यासाठी एक पूर्ण प्रकरण दिले.

1904 च्या सुमारास त्यांनी काम थांबवले. हयातीत हे छापायचे नाही असे ठरवून हस्तलिखित ठेवून दिले. पैसा मिळणार नव्हता, कौतुक होणार नव्हते, टीकाकार काही म्हणणार नव्हते. म्हणजे आठ वर्षांची ती खटपट फक्त एक माणूस नीट समजून घेण्यासाठी होती, असेच म्हणावे लागते.

शेवटची वर्षे दुःखाची गेली. संपत्ती सोडून देण्याची त्यांची इच्छा आणि एवढ्या मोठ्या कुटुंबाचा संसार चालवण्याची सोफियाबाईंची चिंता, यांचा मेळ बसला नाही. मृत्युपत्रावरून घरात तट पडले. सगळ्यांना समजून घेणाऱ्या लेखकाला अठ्ठेचाळीस वर्षांची सोबतीण मात्र समजून घेता आली का, हा प्रश्न राहतोच. 1910 च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या 82 व्या वर्षी, एका पहाटे ते डॉक्टरांना घेऊन गुपचूप घराबाहेर पडले. त्या प्रवासात शामोर्दिनोला बहिणीची भेट झाली. चौदा वर्षांपूर्वी हाजी मुरादचा पहिला खर्डा तिथेच लिहिला होता. पुढे आगगाडीत ताप भरला आणि अस्तापोवो या आडगावच्या स्टेशनवर, स्टेशनमास्तरांच्या घरात 20 नोव्हेंबरला त्यांनी प्राण सोडला. यास्नाया पोल्यानाच्या रानात, एका घळीच्या काठी त्यांना पुरले. वर क्रूस नाही, दगड नाही, नाव नाही. फक्त गवताने झाकलेला मातीचा उंचवटा आहे. 'हाजी मुराद' 1912 मध्ये प्रसिद्ध झाली. रशियातल्या आवृत्तीत झारचा भाग सेन्सॉरने कापला होता. पूर्ण मजकूर बर्लिनमध्ये छापला गेला.

उतारवयात लेखकाला नवे काय सुचते, असे आपण विचारतो. टॉलस्टॉय यांच्या बाबतीत विषय जुनाच होता. बदलली होती ती घाई. तेविसाव्या वर्षी माणसाचा निकाल एका ओळीत लागला. अडुसष्टीनंतर त्याच माणसासाठी दोन हजार पाने कमी पडली.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या मनात शाळेतले असे दोन-चार निकाल पडून असतील. आठवीतून अचानक शाळा सोडून गेलेला तो मुलगा, कुणाशीच न बोलणारी ती मुलगी, विनाकारण चिडणारे ते सर, ज्यांना आपण सर्वांनी मिळून टोपणनाव ठेवले. पंधराव्या वर्षी आपण त्यांना एका शब्दात बसवून टाकले आणि पुढच्या वर्गात गेलो. त्यांच्या घरी तेव्हा काय चालले होते, हे आपण विचारले नव्हते. आज त्यांतले काही जण याच मेळाव्यात आपल्या शेजारी बसले आहेत. कादंबरी लिहिणे सर्वांना जमणार नाही, पण जेवणाच्या पंगतीत शेजारी सरकून घोड्याचा रंग कोणता होता, एवढे तर आपण विचारू शकतो.